नारळ नसलेलं जंगल

तुमी कोणी आमच्याकडचं नाटक पाह्यलं नाई, म्हून पह्यले पडद्याचं सांगून देतो, नाई त मधातच विचारत बससान. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडं, दिवाळी झाली का गावोगावी मंडई, म्हणजे जत्राच, भरते, अन् मंडई म्हटली का नाटक. मोकळ्या वावरात लाकडाचं स्टेज, अन् स्टेजवर वरतं गुंडाळून बांधलेले पडदे. एक राजवाड्याचा, एक रस्त्याचा, एक झोपडीचा, एक जंगलचा. दोरी सोडली का पडदा खालतं, अन् हिरो राजवाड्यातून सीधा जंगलात. अन् हे सारे पडदे हातानं रंगवलेले.

आता त्यातला जंगलचा पडदा. मी लहानपणापासून तोच पाहून राह्यलो. एका बाजूनं निळी नदी, मांगं बरफाचा पहाड, मधात दोन हरणं, अन् दोन्ही बाजूनं नारळाची झाडं. नारळाची बे. आमच्याकडं, जिथी नारळ फक्त देवळासमोरच्या दुकानात दिसते. आमच्या पूऱ्या इलाख्यातले लोकं जंगलाच्या कडेले जन्मले, मोहफुलं येचली, तेंदूपत्ता तोडला, अन् मंडईच्या दिवशी त्या नारळाच्या जंगलासमोर बसून पोटभर नाटक पाह्यलं. कोणाच्या बापानं विचारलं नाई का हे कुठचं जंगल होय म्हून.

साधनानं विचारलं.

साधना म्हणजे आमच्या गावची, ढिवराची पोरगी. तिचा बाप सुकलूभाऊ तलावात मच्छी धरते अन् शिंगाडे लावते. आमी दोघं पह्यलीपासून एका वर्गात. मी नाटकात गेलो, मार खाणाऱ्या नोकराचं काम करतो वडशाच्या एका नाटक कंपनीत, अन् ते पडद्याकडं गेली. आमच्या बाजूच्या गावात नानाजी म्हून बुढा पेंटर आहे, पूऱ्या झाडीपट्टीचे पडदे त्याच्या हातचे. त्याच्याकडं ते लहानपणापासून जात होती. पह्यले रंग घोटाचं काम, मंग आभाळ भराचं काम, मंग नदी. झाड मात्र नानाजीच काढे. मंग दोन वर्षाआधी त्याचा हात थरथराले लागला अन् झाडंबी तिच्याकडं आली. नारळाचीच.

त ह्या वर्षी पोळा झाला अन् आमचा कंपनीमालक, डोमाभाऊ, साधनाच्या घरी आला. तो म्हणे का नागपूरचा फ्लेक्सवाला रोज फोन करून राह्यला, कोणतंबी जंगल सांगा, उद्या सकाळी गाडीत टाकून देतो म्हणते, धुवाचं नाई, फाटाचं नाई. अन् इकडं नानाजी आता बसून गेला. मंग डोमाभाऊनं पूरं खुलं सांगितलं. एक पडदा तू काढ, जंगलचा. पह्यला प्रयोग तुमच्याच गावच्या मंडईत लागला आहे. तिथी पडदा जमला त पूऱ्या सीझनचे पडदे तुले, अन् नाई जमला त मी फ्लेक्स लावतो, मंग माझ्यावर रागावजो नोको.

डोमाभाऊ वाईट माणूस नाई, हे सांगून ठेवतो. पण त्यानं लावला का बाकीच्या कंपन्याबी फ्लेक्स लावतीन, हे साऱ्यायले माहीत होतं. अन् साधनाच्या मायनं तिकडं बल्लारशाले मावशीले सांगून ठेवलं होतं का पोरगी दिवाळीनंतर येईन शिलाईच्या दुकानात. म्हणजे एक पडदा, अन् त्याच्यावर हिचं सारं लटकलेलं.

दुसरी कोणी असती त नानाजीचा पडदा समोर ठेवून बराबर तसाच काढला असता. हे सीधी नानाजीकडं गेली अन् विचारलं, आपण नारळ काऊन काढतो? नानाजी खाटेवर बसून चहा पिऊन राह्यला होता. आधी त त्याले प्रश्नच समजला नाई. मंग म्हणे, माझ्या गुरूनं काढला म्हून मी काढला. हे म्हणे, तुमच्या गुरूनं पाह्यला होता का नारळ? तवा बुढा तापला. म्हणे, "तुले जंगल दिसलं असन त काढ तुझं जंगल. मच्छीवाल्याच्या पोरीले पाणी सोडून झाड दिसलं, हेच लय झालं."

हे हसत घरी आली. मले म्हणे, बुढ्यानं परवानगी देऊन टाकली.

आता तिचं काम कसं चालते ते ऐका, कारण मी जवळून पाह्यलं. मले वाटे पेंटर म्हणजे ब्रश घेतला अन् लागला. इनं महिनाभर ब्रशले हात नाई लावला. सकाळी बापासंग डोंग्यात बसून तलावात जाय. शिंगाडे तोडाचा टाइम, सुकलूभाऊ खालतं वाकून तोडत राहे अन् हे काठावरचं जंगल पाहत राहे. सुकलूभाऊ मले एकदा सांगे, "पोरगी कामाले म्हून येते अन् डोंग्यात नुसती वजन होऊन बसते." पण तिले हाकलत नव्हता. तिले पाहाचं असे त्या काठाशी डोंगा जास्त वेळ उभा ठेवे, हेबी मी पाह्यलं.

एक दिवस ते सागाचं पान घेऊन आली. दिवाळीच्या आधी सागाच्या पानाले कीड लागते, ठाऊक आहे नं? कीड हिरवं हिरवं खाऊन टाकते अन् शिरा तेवढ्या ठेवते. लांबून झाड जळल्यासारखं तांबडं दिसते. मी जनमभर पाह्यलं, मले वाटे झाड बिमार आहे. इनं ते पान उजेडासमोर धरलं अन् म्हणे, भूप्या, हे त आमच्या बाबाचं जाळं आहे. अन् खरंच बे. बराबर मच्छीचं जाळं, तशीच गाठ, तसेच डोळे, अन् त्याच्या आरपार पूरं आभाळ दिसे. त्या दिवशीपासून मीबी सागाकडं पाहाले लागलो, जे मी कवाच केलं नव्हतं. तिचं म्हणणं असं का हिरवा म्हून रंगच नाई जंगलात. ऐनाच्या झाडाचा हिरवा अलग, तो पिवळ्यातून आलेला. बांबूचा अलग, त्याच्यात चुना मिसळल्यासारखा. अन् सागाचा हिरवा त लालातूनच येते. कवळं पान हातावर चोळून पाय, म्हणे. आता हे मले माहीत होतं. शाळेत असताना आमी सागाचं पान चोळून हात लाल करो अन् खून निंगाला म्हून मास्तरले भेवडावो. पण त्याच्यातून रंगाचं काई काढाव, असं कोणाच्या डोकशात आलं?

इनं टोपलीभर कवळी पानं कुटली. समाजमंदिरात मांजरपाटाचा पडदा आंथरला, शिवून शिवून पूऱ्या हॉलएवढा केलेला, त्याच्यावर खडू अन् सरसाचा पांढरा हात मारला, अन् ते वाळल्यावर पानाचं लाल पाणी फडक्यानं पूऱ्या पडद्यावर फिरवलं. मी आलो त मले वाटलं इथी बकरा कापला. मंग त्या लालावर हिरवा. म्हणजे हिरव्याच्या खालून लाल थोडा थोडा डोकावते. स्टेजचा लाइट पिवळा असते नं, त्यात नुसता हिरवा मरून जाते, हे नानाजीनंच तिले शिकवलं होतं. पण खालून लाल असला त मरत नाई, हे तिनं स्वतः शोधलं.

पडदा खालतं असते अन् रंगवणारा त्याच्यावर अनवाणी चालते, ब्रश बांबूले बांधलेला. म्हून पूरा पडदा त्याले स्वतःले दिसतच नाई. घडीघडी शिडीवर चढाचं, पाहाचं, उतराचं. शिडी मी धरो. वरून ते सांगे, भूप्या, त्या डाव्या ऐनाच्या बुडाशी जाऊन उभा राह्य. मी उभा राहो. ते म्हणे, तू लय मोठा दिसून राह्यला. मी म्हणो, मी मोठाच आहे. ते म्हणे, मंग झाडं लहान झाली. अन् उतरून साऱ्या झाडायचे बुंधे मोठे करे. असं आठ-आठ वेळा.

झाडं झाली. मोह झाला, बांबूचं बेट झालं, खालतं वाळकी पानं झाली. मधातून एक पायवाट, जंगलात शिरणारी. अन् ते पायवाट जिथी झाडात शिरते, तिथी काम अडकलं. तिथी अंधार पाह्यजे. दिवसाचाच, झाडाझाडातला. इनं काळा लावला, त पडद्यावर चटका लागून भोक पडल्यासारखं दिसे. निळा लावला, त तिथी पाणी दिसे. पुसला, परत लावला. हप्ताभर तेच. जेवण सोडलं नाई, पण जेवताना बोलणं सोडलं. माय तिची म्हणे, हिले कोणाची नजर लागली. मी म्हटलं, काकू, हिचीच नजर लागली कुठीतरी.

मंग ते म्हणे, जवळून पाहाले लागन. आता जवळून म्हणजे कुठून, त तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, त्या टोकाले, जिथी पाळ संपते अन् जंगल लागते. अन् तिकडं कोणीच जात नव्हतं. पावसाळ्यापासून वाघ परत फिरत होता, जंगलवाल्यायनं पाटी लावली होती. आमच्याकडं ही काई मोठी बातमी नाई, तुमच्याकडं ट्रॅफिक असते तसा आमच्याकडं वाघ असते, रस्ता पाहून चालाचं. पण तरीबी. एकट्यानं जाचं नाई, वाकाचं नाई, वाकला माणूस वाघाले जनावर वाटते, अन् तोंड बंद ठेवाचं नाई, हे आमच्याकडचं लहान पोट्टंबी सांगन.

मंग मी गेलो संग. दोघं पाळीवर पाठीले पाठ लावून बसलो. तिचं तोंड जंगलाच्या त्या पायवाटेकडं, माझं मांगच्या झुडपाकडं, हातात काठी. अन् बोलत राहाचं म्हून मी माझं नाटकातलं पूरं काम मोठ्या आवाजात म्हणो. "मालक, तुमची कोंबडी मी नाई खाल्ली, तिनं मले पाह्यलं अन् स्वतःच मेली." असे डायलॉग. रोज दुपारी, हप्ताभर. माझं पाठांतर ह्या वर्षी वाघानं करून घेतलं, असं मी कंपनीत सांगतो. ते मात्र एक शब्द बोलत नव्हती. पाठीतून मले तिचा श्वास समजे. एक दिवस तो श्वास थांबला अन् मले वाटलं झालं, आला. मी काठी घट्ट धरली, मान फिरवाची हिंमत नाई. अन् ते हळूच म्हणे, "काळा नाईच आहे तो. जांभळ्यात माती आहे. अन् मधात एक पान उजेडात आहे, त्याच्यामुळं बाकीचा काळा दिसते."

येवढंच. मी म्हटलं, मायबाई, येवढ्यासाठी माझा जीव घेशील.

त्याच दुपारी तिनं तो अंधार काढला. एका दमात, न पुसता. जांभळा, मातीचा, अन् त्याच्यात येवढुसं एक पान, पिवळं. संध्याकाळी आमी पडदा समाजमंदिराच्या लोखंडी पाइपले टांगला अन् मी दाराजवळ जाऊन पाह्यलं. खोटं नाई सांगत, माझ्या हातावरचे केस उभे राह्यले. त्या पायवाटेवर कोणी नव्हतं. पण कोणी नव्हतं म्हून तुमी नजर हटवू शकत नव्हते. वाटे, आता हटवली का तिथून काई निंगन.

नानाजीले मी गाडीवर बसवून आणलं. त्यानं लय वेळ पाह्यलं, जवळ जाऊन सागाची पानं पाह्यली, बोट लावून वास घेतला. मले वाटलं आता बुढा रडते का काय. तो म्हणे, "काम पक्कं आहे. पण याच्यासमोर नाटकातली नाचणारी बाई कुठी उभी राहीन?" साधना म्हणे, मधात, पायवाटेवर. नानाजी म्हणे, हं. अन् मले म्हणे, चाल, घरी सोडून दे. आमाले वाटलं, जळला बुढा.

मंग मंडईचा दिवस. आता आमच्याकडं काय असते, नाटक रात्री, पण जागा दुपारीच धरतात. बाया दुपारी जेवण झालं का घरून पोत्याचे बोरे, ताडपत्र्या, सतरंज्या घेऊन येते अन् स्टेजसमोर आंथरून ठेवते. ज्याचा बोरा समोर, तो जिंकला. त्याच्यावरून भांडणं होते, सासू-सुना एक होऊन शेजारणीसंग भांडते. त्या दिवशीबी तसंच. स्टेजले चिकटून बोऱ्याले बोरा, पाय ठेवाले जागा नाई, अन् बाया तिथीच बसून चिवडा खाऊन राह्यल्या, कारण पडदे चढवताना पाहाणं म्हणजेबी फुकटचं नाटकच. आशाबाई सगळ्यात समोर. आशाबाईचं सांगतो: आमच्या गल्लीची, धानाच्या बांधीत रोजीले जाते, अन् आवाज असा का नाटकात चुकलं त खालून तीच सांगते. दरवर्षी पह्यला बोरा तिचा.

कंपनीच्या पोट्ट्यायनं राजवाड्याचा पडदा सोडून पाह्यला, वर घेतला. रस्त्याचा सोडला, वर घेतला. मंग साधनाचा.

पडदा उलगडला अन् मैदान चूप झालं. साधना माझ्याबाजूले विंगेत उभी होती. तिनं माझं मनगट धरलं. आमाले दोघायलेबी वाटलं, लागला. पूरं गाव पाहून राह्यलं बे, चिवडा हातात तसाच. कोणीतरी म्हणे, अगं मोह पाय. दुसरी म्हणे, आपल्या पाळीकडचा वाटते.

अन् मंग आशाबाई उठली. तिनं बोरा उचलला, झटकला, अन् मांगं जाऊन आंथरला. भांडलीबी नाई. तिच्यामांगं तिची शेजारीण उठली. मंग दोघी-तिघी. पाच मिनिटात स्टेजसमोरची पूरी जागा खाली. बोरे सारे मांगं, मैदानाच्या अर्ध्यात, एकमेकाले चिकटलेले. पोट्टे समोर पळाले त त्यायले आवाज देऊन मांगं बोलावलं. दिवसाउजेडी. रंगवलेल्या कपड्यासमोरून.

डोमाभाऊ खुर्चीतून उठून आला. त्यानं खाली मैदान पाह्यलं, पडदा पाह्यला, अन् म्हणे जुना नारळाचा गाडीत आहे नं, तो चढवा. मंग साधनाले म्हणे, "पोरी, तुझा हात चांगला आहे, मी नाई म्हणत नाई. पण माझी समोरची लाइन खाली राह्यली त माझे कलाकार कोणाले हसवतीन?" अन् तो फोन घेऊन बाजूले झाला. फ्लेक्सवाल्याले लावून राह्यला होता का घरी, मले माहीत नाई, पण साधनानं तेच समजलं.

सुरुवातीले तिले राग आला. मले म्हणे, येवढे वर्ष खोटं पाह्यलं म्हून खरं झेपून नाई राह्यलं यायले. मीबी तिच्याच बाजूनं, म्हटलं अडाणी आहे लोकं. मंग ते स्टेजवरून उतरली अन् सीधी आशाबाईजवळ गेली, मी मांगं मांगं. मले वाटलं आता हे भांडते. ते बोऱ्याच्या कोपऱ्यावर बसली अन् विचारलं, आशाबाई, काऊन उठल्या? चांगलं नाई झालं का?

आशाबाई थोडा वेळ चिवड्यातले दाणे येचत बसली. मागच्या उन्हाळ्यात तिची जाऊ पहाटेच मोहफुलं येचाले गेली होती, हे साधनाले माहीत होतं, मले माहीत होतं, पूऱ्या गावाले माहीत होतं. टोपली तेवढी घरी आली.

आशाबाई म्हणे, "चांगलं झालं नं माय. म्हून त उठली. वर्षभर त्या वाटेकडं पाहून पाहूनच काम करतो, गवत कापतो त एक डोळा तिकडं, पाणी आणतो त एक डोळा तिकडं. एक दिवस दोन्ही डोळे नाटकावर ठेवाव म्हणतो. तू काढलेल्या त्या वाटेतून मी नजरच नाई काढू शकत, त नाटक कवा पाहू?"

मले बुढ्या नानाजीचं जंगल पह्यल्यांदा समजलं, खरं सांगतो. त्या जंगलात लपाले जागाच नाई. नारळाच्या बुडाशी काय लपन? त्याच्या गुरूनं असं ठरवून काढलं का उगाच कुठचं पाहून काढलं, कोण जाणे, नानाजीलेबी नाई माहीत. पण शेकडो गावातल्या लोकायनं तो पडदा चालू दिला, त कशासाठी चालू दिला, हे बोऱ्यावर बसून समजलं.

साधना उठली अन् म्हणे, भूप्या, रंगाचे डबे काढ.

डोमाभाऊले म्हणे, सांज पडूपर्यंत टाइम द्या. तो म्हणे, टांगलेल्या पडद्यावर रंग कोण लावते, ओघळ येते. ते म्हणे, घट्ट लावतो. मी समजलो हे त्या वाटेवर झाडी काढून वाट बंद करन. कोणीबी तेच केलं असतं. तिनं स्टूल घेतला, अन् जिथी तो अंधार होता, जांभळा-मातीचा, ज्याच्यासाठी मी हप्ताभर कोंबडीचे डायलॉग म्हटले, बराबर त्याच्या तोंडाशी पांढऱ्या रंगानं एक मोठा वाकडा गोल काढला. गोलाले पाय नाई. मान आली, शिंगं आली. बसलेली गाय. पाय पोटाखाली घेऊन, डोळे अर्धे मिटून रवंथ करणारी.

आता तुमी शहरातले, तुमाले गाय म्हणजे गाय. पण आमच्याकडं जंगलात गाय बसून रवंथ करून राह्यली, याचा अर्थ तिथी काईच नाई. वाघ दोन वावरं दूर जरी असला त गाय बसत नाई. मंग तिनं खालच्या वाळक्या पानात वांदरं काढली. झाडावर नाई, खाली जमिनीवर, पिल्लं मोकळी खेळून राह्यली, एक मायबाई दुसरीच्या उवा पाहून राह्यली. वांदर जमिनीवर उतरलं म्हणजे त्यानं वरून पूरं जंगल पाहून घेतलं.

डोमाभाऊ डोकसं धरून बसला. म्हणे, माझा हिरो प्रेमाचं गाणं म्हणन अन् मांगं उवा काढून राह्यले?

पण इकडं मैदानात गंमत सुरू झाली. पह्यले पोट्टे समोर आले. मंग एक बाई तिथूनच ओरडून म्हणे, त्या गाईचं एक शिंग खालतं वाकव, आमच्या मोरी गाईसारखं. साधनानं वाकवलं. दुसरी म्हणे, वांदराची शेपटी लहान पडली. तिनं लांब केली. मंग तिले ऐकू नाई जात म्हून ते बाई समोर आली, बोलता बोलता बसली, अन् मंग म्हणे बोराच आणतो. एकीनं आणला त दुसरीची जागा जाईन म्हून तिनंबी आणला. अन् परत भांडणं. सांज पडली तवा समोरच्या लाइनीत पाय ठेवाले जागा नव्हती.

आशाबाई मात्र पूरी समोर नाई आली. मधात आली. तिथूनच पाह्यलं तिनं. मी माझा कोंबडीचा डायलॉग मारला तवा तिचा आवाज मले मधातून ऐकू आला, हसण्याचा. तो आवाज मी कुठीबी ओळखीन.

नाटक संपल्यावर डोमाभाऊ साधनाले म्हणे, गाय राहू दे. अन् राजवाडा कवा देतेस? बस, तसाच मिळाला तिले सीझन. बल्लारशाच्या मावशीले मायनं फोन करून सांगितलं, पोरगी नाई येत.

पण मले एक गोष्ट राहून राहून लागे. पडदा गुंडाळताना मी तिले विचारलं, तुले दुखलं नाई का? येवढा अंधार सापडला होता, अन् त्याच्यावर गाय बसवली. ते दोरीले गाठ मारत होती. म्हणे, "दुखलं नं. पण मी त्याले पुसलं कुठी? गाईच्या मांगं आहेच तो. गाय तिथी बसली म्हून लोकायले तिथी पाहता आलं." अन् मंग म्हणे, नानाजीले सांगजो का नाचणारी बाई गाईच्या बाजूले उभी राह्यली.

आता राजवाड्याचं काम चालू आहे. मागच्या रविवारी मले घेऊन बल्लारशाचा किल्ला पाहाले गेली, पूरा दिवस भिंतीच्या दगडाले हात लावत फिरली, कुठी शेवाळ, कुठी पिंपळ फुटलेला, त्याचे रंग पाहत. मी म्हटलं चला, ह्या खेपेले तरी लवकर निंगालं काम. पण ते घरी आली अन् पह्यले आशाबाईकडं गेली. आशाबाई उकडलेले शिंगाडे सोलत बसली होती. इनं विचारलं, तुमाले राजवाड्यात काय पाह्यजे? आशाबाईनं लय विचार केला. म्हणे, येवढा राजा, राणी, नोकर, फौज, सारे दिवसभर उभे राहून बोलते, त यायचा सैपाक होते कुठी? मी जनमभर नाटक पाह्यलं, एकाबी राजवाड्यात चूल नाई दिसली.

त आता राजवाड्याच्या मांगून धूर निंगाला पाह्यजे, अन् डोमाभाऊले अजून कोणी सांगितलं नाई. साधना रोज संध्याकाळी गावात फिरून लोकायच्या घरावरचा धूर पाहते. म्हणते, ऐनाच्या लाकडाचा अलग असते अन् बांबूचा अलग, अन् पांढरा त कोणताच नाई.